‘परदेशात कमावले किती?’ : वर्धेच्या खोऱ्यातील चित्रपटांना विचारला जाणारा चुकीचा प्रश्न

#थ्रेड

१/ मराठीतील लहान, स्वतंत्र चित्रपटांची चर्चा निघाली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले अभिमानाचे : ‘हा चित्रपट जगभर गाजला.’ दुसरे कुत्सित : ‘गाजला म्हणता, मग परदेशात कमावले किती?’ ही वाक्ये उच्चारणारे स्वतःला परस्परांचे विरोधक मानतात. वस्तुतः दोघांची श्रद्धा एकच आहे : चित्रपटाचा भाव बाहेर ठरतो, आणि तो ठरला की इथल्यांनी मान डोलवायची. ही श्रद्धा विदर्भाला नवी नाही. वर्धा जिल्ह्याने ती दीडशे वर्षांपूर्वी कापसाच्या बाजारात पुरेपूर भोगली आहे.

२/ उदाहरण म्हणून सतीश मन्वर दिग्दर्शित ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) घेऊ. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष, वीणा जामकर ही नावे; कथानक विदर्भाच्या कापूसपट्ट्यातले. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर किस्नाच्या बायकोच्या, अलकाच्या, मनात धास्ती बसते. नवऱ्याच्या जिवाला धोका आहे असे धरून ती त्याच्यावर मुलाचा आणि सासूचा पहारा बसवते, त्याला गोडधोड करून घालते, हसता ठेवू पाहते. किस्नाला मात्र आकाशाकडे पाहण्यावाचून दुसरे काही सुचत नाही. इतक्या काळ्या विषयावरचा हा चित्रपट कित्येक ठिकाणी हसवतो, आणि ते हसू घशात अडकते.

३/ आता या चित्रपटाचा वर्ध्याशी संबंध. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भासाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून सहा जिल्हे धरले होते : अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा. त्याआधी वीस वर्षे, १९ मार्च १९८६ रोजी, यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाने वर्धा जिल्ह्यात पवनारजवळच्या दत्तपूर येथे सामूहिक आत्महत्या केली. महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर नोंद घेतली गेलेली ही पहिली शेतकरी आत्महत्या. त्या दिवशी राज्यात आजही अनेक जण अन्नत्याग करतात. ‘गाभ्रीचा पाऊस’ ज्या दुःखाची गोष्ट सांगतो, त्याची सार्वजनिक नोंद अशी वर्धा जिल्ह्याच्या मातीत सुरू होते.

४/ चित्रपट २००९ च्या रॉटरडॅम आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. इंग्रजी नाव ‘द डॅम्ड रेन’. (‘गाभ्रीचा’ ही अस्सल वऱ्हाडी शिवी. तिच्यातला राग, जवळीक आणि हतबलता ‘डॅम्ड’मध्ये उतरत नाही, पण उपशीर्षकांच्या पट्टीत याहून अधिक मावतही नाही.) महोत्सव संपला, कौतुक झाले. आणि मग तो प्रश्न : परदेशात कमावले किती?

५/ उत्तर शोधणारा आज संगणकावर तक्ते पाहतो. तिथे अशा चित्रपटांपुढे बहुधा रकाना कोरा असतो. कोरा रकाना दिसला की तो ‘शून्य’ असे वाचतो, आणि शून्याचा अर्थ ‘नाकारला गेला’ असा लावतो. इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते की नोंद नसणे आणि घटना नसणे यांत फरक आहे. त्यामुळे हा रकाना कोण भरतो आणि कशासाठी भरतो, ते आधी पाहिले पाहिजे.

६/ ‘बॉक्स ऑफिस’ म्हणजे व्यावसायिक चित्रपटगृहांनी विकलेल्या तिकिटांची एकूण रक्कम. महोत्सवातील तिकिटांचा पैसा सर्वसाधारणपणे महोत्सवाचा. तो चित्रपटाच्या खात्यात कमाई म्हणून चढत नाही. दूरचित्रवाहिनीने प्रक्षेपणाचे हक्क घेतले तर तेही बॉक्स ऑफिस नव्हे. ओटीटी मंच ठोक रक्कम देतात, तिकीट फाडत नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी शनिवार-रविवारी एखादे सभागृह भाड्याने घेऊन केलेले खेळ तर कोणत्याच तक्त्यात येत नाहीत. एखादा मराठी चित्रपट अनेक देशांत पाहिला जाऊ शकतो आणि तरीही त्याचा रकाना कोरा राहू शकतो.

७/ चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ पाहा. २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत निवड, सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार, अल्फॉन्सो क्वारोन यांच्यासारखा दिग्दर्शक कार्यकारी निर्माता. ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला आणि एकाच दिवशी जगाच्या घरांत पोहोचला. त्याचे ‘आंतरराष्ट्रीय बॉक्स ऑफिस’ विचारणे म्हणजे टपालाने गेलेल्या पत्राचे रेल्वेभाडे विचारणे.

८/ बरे, रकान्यात आकडा असला, तरी तो निर्मात्याच्या हाती येत नाही. ढोबळमानाने निम्मा वाटा चित्रपटगृह ठेवते. उरलेल्यातून वितरक जाहिरातीचा आणि प्रतींचा खर्च वजा करतो, विक्री-मध्यस्थ आपली दलाली घेतो. रांगेत सर्वांत शेवटी निर्माता उभा असतो, आणि खिडकी पुष्कळदा त्याच्या आधीच बंद होते. ‘जगभरात अमुक कोटी’ असे छापणारे हा हिशेब सांगत नाहीत.

९/ इथे हिंगणघाटचा कापूस आठवावा. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा बनवला गेला. नेमक्या याच काळात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, अमेरिकन कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. इंग्रजांची नजर वर्धेच्या काळ्या जमिनीकडे वळली. मध्य प्रांतासाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला. रिव्हेट-कार्नॅक हे त्या पदावरचे नाव. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवले गेले, १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली.

१०/ हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस लांब धाग्याचा. लिव्हरपूलच्या बाजारात त्याला गावाच्या नावाने वेगळी ओळख होती. लँकेशायरमध्ये भारतातून येणाऱ्या कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. मग तो धारवाडचा असो की वऱ्हाडचा, सुरत बंदराशी त्याचा काडीमात्र संबंध असो वा नसो. त्या गर्दीत स्वतःचे नाव टिकवणे हा हिंगणघाटचा मोठाच मान. आजच्या भाषेत सांगायचे तर हिंगणघाट ‘जगभर गाजले’ होते.

११/ आणि पुढे? १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध थांबले, भाव कोसळले, मुंबईतल्या बँका आणि पेढ्या बुडाल्या. चढत्या भावाच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले असतीलही. पण भाव ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती एक दिवसही आला नाही. तो लिव्हरपूलकडेच राहिला. कालांतराने लांब धाग्याच्या बनीची जागा भरघोस उतारा देणाऱ्या आखूड धाग्याच्या वाणांनी घेतली. ज्या गुणामुळे नाव झाले होते, तो गुण पिकवणे शेतकऱ्याला परवडेनासे झाले. कीर्ती आणि किफायत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्धा जिल्ह्याला तेव्हाच कळायला हवे होते.

१२/ कापूस आणि चित्रपट यांची तुलना ताणू नये, हे मान्य. कापूस निदान विकला तरी जाई. महोत्सवाहून परतलेला चित्रपट पुष्कळदा प्रशस्तिपत्र घेऊन येतो आणि त्या प्रशस्तिपत्राच्या बळावर इथे चित्रपटगृह मिळेल या आशेवर थांबतो. पण भाव ठरवणारी जागा दूर असणे आणि सगळ्या भारतीय मालावर एकच शिक्का बसणे, या दोन बाबतींत साम्य नाकारता येणार नाही. ‘सुरत’ हा शिक्का गेला. ‘परदेशी भाषेतील चित्रपट’ हा आला. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०१९ मध्ये ते नाव बदलून ‘आंतरराष्ट्रीय’ केले, शिक्का राहिलाच.

१३/ ‘चित्रपट चांगला असेल तर पैसा आपोआप येतो’, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन चित्रपट शेजारी ठेवू. रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). दोन्ही मुंबईत घडणारे. दोघांचाही हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. पहिला कानच्या समीक्षक सप्ताहात गेला. दुसऱ्याने व्हेनिसमध्ये ओरिझोन्ती विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा असे दोन पुरस्कार घेतले, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. पुरस्कारांच्या तराजूत ‘कोर्ट’चे पारडे जड होते.

१४/ ‘द लंचबॉक्स’ अमेरिकेत सोनी पिक्चर्स क्लासिक्सने वितरित केला आणि तिथे त्याने सुमारे ४२ लाख डॉलर कमावले. ‘कोर्ट’ २०१५ मध्ये तिथे झाइटगाइस्ट या न्यूयॉर्कमधील छोट्या वितरकाने आणला. त्याची झेप मोजक्या कलागृहांपुरती. इरफान खान हे जगाला ओळखीचे नाव होते. ‘कोर्ट’मध्ये शाहीर नारायण कांबळे झाले होते नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार. त्यांना अमेरिकेत कोण ओळखणार? शिवाय प्रेमकथा उपशीर्षकांतून सहज ओलांडता येते; महाराष्ट्रातील शाहिरी, जात आणि न्यायालयाची रटाळ मराठी-इंग्रजी ओलांडायला प्रेक्षकाला कष्ट पडतात. यात कोणता चित्रपट श्रेष्ठ हे कुठेही ठरत नाही. वितरकाचे जाळे, ओळखीचा चेहरा आणि कथेची सुलभता या तीन गोष्टींचा तो आकडा आहे.

१५/ याहून झणझणीत उदाहरण वर्ध्याचेच आहे. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांच्यावरचा रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ १९८२ मध्ये आला. त्यात भारताच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा पैसा होता, आणि जगभर तो पोहोचवायला कोलंबिया पिक्चर्स होती. आठ ऑस्कर मिळाले, उत्तर अमेरिकेतच ५ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न झाले. ‘गांधी’ लहान चित्रपट नव्हता आणि ‘गाभ्रीचा पाऊस’शी त्याची बरोबरी कोणी करणार नाही. मुद्दा एवढाच की वर्ध्याचा सर्वांत प्रसिद्ध रहिवासी पडद्यावर जग फिरून धनवान होतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या कापूस-शेतकऱ्याची गोष्ट जगाच्या एका महोत्सवातून परत येते, तेव्हा ‘जगाला कोणती गोष्ट आवडली’ हा निष्कर्ष काढण्याआधी कोणाच्या हाती कोणते जाळे होते ते विचारावे.

१६/ शेतकरी आत्महत्येचाच विषय घेऊन २०१० मध्ये ‘पीपली लाइव्ह’ आला. भाषा हिंदी, निर्माता आमिर खान, मागे यूटीव्ही. तो सनडान्सला गेला, देशपरदेशातल्या चित्रपटगृहांतही लागला. एकाच दुःखावरचे दोन चित्रपट, जेमतेम वर्षाच्या अंतराने. त्यांच्या प्रवासातला फरक दुःखाच्या प्रतीमुळे पडला असे कोण म्हणेल?

१७/ आता अभिमानवाल्यांकडे वळू. त्यांचाही हिशेब चुकता व्हायला हवा. २००४ साली संदीप सावंत यांचा ‘श्वास’ राष्ट्रीय पुरस्कार मिळवून भारतातर्फे ऑस्करसाठी निवडला गेला. तिथे परीक्षकांसमोर चित्रपट नेणे, खेळ लावणे, जाहिराती देणे यासाठी मोठी रक्कम लागते. ती नव्हती, म्हणून महाराष्ट्रात लोकवर्गणी झाली. लोकांनी ममतेने पैसे दिले. त्या ममतेची थट्टा करण्याचे कारण नाही. पण पैशाची दिशा पाहा. जे ‘आंतरराष्ट्रीय यश’ पैसा घेऊन येईल असे मानले जाते, त्याच्यासाठी महाराष्ट्राचा पैसा लॉस एंजेलिसकडे निघाला. नामांकन मिळाले नाही. बॉक्स ऑफिसच्या तक्त्यात उणे रकमेचा रकाना नसतो, हे एका अर्थी बरेच.

१८/ ‘संत तुकाराम’चेही (१९३६) असेच. व्हेनिसमध्ये त्याचा गौरव झाला, हे प्रत्येक मराठी माणूस सांगतो. त्याच चित्रपटाने मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे मुक्काम ठोकला, हे त्या मानाने कमी जण सांगतात. प्रभात कंपनीचे पोट व्हेनिसने भरले नाही. ते सेंट्रलच्या आणि गावोगावच्या तंबूंच्या तिकिटांनी भरले. तुकोबांना वैकुंठाला न्यायला गरुड आला असेल, चित्रपट मात्र प्रेक्षकांच्या खांद्यावरून गेला.

१९/ आणि ‘सैराट’. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला, २९ एप्रिलला महाराष्ट्रात लागला आणि कमाईत शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. ग्रामीण प्रेक्षकाला मराठी चित्रपटासाठी वेळ नाही, त्याला फक्त हिंदी मारधाड हवी, हे वर्षानुवर्षे सांगितले जाणारे शास्त्र त्या उन्हाळ्यात निकालात निघाले. तालुक्याच्या जुन्या चित्रपटगृहांत भल्या पहाटे आणि मध्यरात्री खेळ लावावे लागले. बर्लिनचा त्या कोटींत किती वाटा असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

२०/ ‘सैराट’ला झी स्टुडिओजचे बळ होते, अजय-अतुल यांची गाणी होती, ‘गाभ्रीचा पाऊस’ तसा चालला असता असा दावा इथे नाही. पण जो चित्रपट हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी इथल्या माणसाविषयी आहे, त्याच्यासाठी त्या गावांत पडदा आणि वेळ राखून ठेवणारी व्यवस्था महाराष्ट्राने कधी उभारली नाही. एकपडदा चित्रपटगृहे बंद पडत गेली. मल्टिप्लेक्स शहरांत आली. तिथे मराठी चित्रपटांना मिळणाऱ्या वेळांवरून दर काही महिन्यांनी आंदोलन होते आणि थंडावते.

२१/ वर्धेच्या खोऱ्यातून याच साखळीतला आणखी एक चित्रपट निघाला. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ : चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन चित्रित केलेला. एका मुलीला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची रांग आणि बापाच्या घरात भावाची वाट पाहत पडलेला कापूस. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत तो लागला ७ मार्च २०२५ रोजी. टोरांटोहून विदर्भात यायला दीड वर्ष लागले. हिंगणघाटची गासडी शिडाच्या जहाजात भरून, आफ्रिकेला वळसा घालूनही, याहून लवकर लिव्हरपूलला पोहोचत असे.

२२/ इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी ‘वर्ल्डवाइड ग्रॉस’चे तक्ते उद्धृत करण्याआधी एका वेगळ्या साधनाकडे वळावे. भारतात चित्रपटांच्या तिकीटविक्रीची सर्वांना खुली अशी अधिकृत राष्ट्रीय नोंदवही नाही. वर्तमानपत्रांतले आकडे निर्माते किंवा व्यापारी सूत्रे पुरवतात. करमणूक कराचा व्यवहार मात्र सरकारी होता. वर्धा तेव्हा ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, तिथे १९३६ मध्ये करमणूक कराचा कायदा झाला. (त्याच वर्षी गांधीजी शेगावी आले आणि ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला.) १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयातील करमणूक कर शाखेकडे चित्रपटगृहांचे हिशेब जात. कोणत्या गावात कोणता चित्रपट किती दिवस टिकला, हे सांगू शकणारे कागद अशा दप्तरांत असतात. मराठी चित्रपटाच्या प्रेक्षकाचा इतिहास रॉटरडॅमच्या पुस्तिकेपेक्षा त्या बांधलेल्या गठ्ठ्यांत सापडण्याची शक्यता अधिक. वाळवीचे काम अभ्यासकांच्या आधी पूर्ण होऊ नये, इतकेच.

२३/ ‘परदेशात कमाई नाही, मग सरकारने अनुदान का द्यावे?’ हा कुत्सित प्रश्नाचा शेवटचा आणि खरा हेतू. त्याला उत्तर फ्रान्समध्ये आहे. तिथे १९४६ पासून राष्ट्रीय चित्रपट केंद्र आहे. प्रत्येक सिनेमा तिकिटावर १०.७२ टक्के कर आकारला जातो, आणि तो पैसा त्या केंद्रामार्फत पुन्हा चित्रपटांकडेच जातो. पॅरिसमध्ये अमेरिकन सुपरहिरो पाहणारा प्रेक्षकही नकळत लहान चित्रपटाला हातभार लावतो. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’, ज्यात मल्याळम आणि हिंदीसोबत मराठीही ऐकू येते, ज्याची कथा मुंबईहून रत्नागिरीकडे सरकते आणि ज्याला २०२४ मध्ये कानचा ग्राँ प्री मिळाला, तो फ्रेंच निर्मात्यासह झालेली सहनिर्मिती आहे. तिथे अनुदान देताना ‘लिव्हरपूलमध्ये भाव काय?’ असे विचारले जात नाही. आपल्याच प्रेक्षकाच्या तिकिटातला दहावा हिस्सा बाजूला ठेवला जातो.

२४/ हिंगणघाटच्या माणसाने ‘सैराट’चे तिकीट काढले तेव्हा त्यातला एक पैसाही, कायद्याने बांधून, पुढच्या ‘गाभ्रीचा पाऊस’साठी बाजूला पडला नाही. आजही पडत नाही. तो पडावा, आणि त्या बदल्यात तालुक्याच्या पडद्यावर अशा चित्रपटाला आठवड्यातला एक तरी संध्याकाळचा खेळ मिळावा, ही मागणी मुंबईत मंत्रालयासमोर करायची आहे. रॉटरडॅमकडे त्यासाठी जाण्याची गरज नाही.